देश मोजणारी दोरी

दसऱ्याच्या आसपास हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शिवारात सोयाबीन काढणीला आलेलं असतं. पानं गळालेली, शेंगा तपकिरी पडलेल्या, आणि परतीच्या पावसाने गाठायच्या आत रास घरात यावी म्हणून सगळ्यांची घाई. अशा दिवसांत एखाद्या शेतात चार-पाच माणसं दोरी, टेप, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन शिरतात. त्यांत एक जण तलाठी, ग्रामसेवक किंवा कृषी सहायक असतो. या पदांची नावं अलीकडे बदलली, पण गावात जुनीच चालतात. सोबत विमा कंपनीचा प्रतिनिधी, गावच्या समितीतलं कुणीतरी आणि शेताचा मालक. मंडळी शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभी राहतात. लांबी आणि रुंदी पावलांनी मोजली जाते. मग हातातल्या कागदावरचे दोन यादृच्छिक अंक बघायचे, एका अंकाइतकी पावलं लांबीच्या बाजूने, दुसऱ्याइतकी रुंदीच्या बाजूने चालायचं, आणि पाय जिथे थांबेल तिथे पहिली खुंटी ठोकायची. मग ती जागा तणाची असो, पाणी साचलेली असो की शेतातली सर्वांत चांगली. तिथून दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद आयत आखायचा. काटकोन नीट पडला का हे तपासायला कर्णावर टेप धरायचा. तो ११ मीटर १८ सेंटिमीटर भरला, तरच दोरी ताणायची.

दोरीच्या आतलं पीक कापलं जातं, मळलं जातं, तिथेच तोललं जातं. वजन कागदावर आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपवर चढतं. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात.

आता थोडा हिशेब करू. हा आयत पन्नास चौरस मीटरांचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. दोरीच्या आत एक किलो सोयाबीन जास्त निघालं, की हेक्टरी उत्पादन दोन क्विंटलांनी वाढतं. पाव किलोची चूक झाली, तर अर्ध्या क्विंटलाची चूक. गोरेगाव हे सेनगाव तालुक्यातलं महसूल मंडळाचं गाव. मंडळात आजूबाजूची कितीतरी गावं येतात. एका पिकासाठी अख्ख्या मंडळात असे साधारण दहा-बारा प्रयोग होतात. सगळे आयत एकत्र केले तरी जमीन भरते पाच-सहा गुंठे. तेवढ्या जमिनीवरून मंडळातल्या हजारो एकरांचं उत्पादन ठरतं. ते मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढलेल्या उंबरठा उत्पादनाशी ताडून पाहिलं जातं आणि पीकविम्याचा पैसा मिळणार की नाही हे ठरतं. खरीप २०२५पासून राज्यात विम्याची भरपाई मोठ्या प्रमाणात याच प्रयोगांवर टेकली आहे. आणि हेच आकडे पुढे जिल्ह्याच्या, राज्याच्या, देशाच्या सोयाबीन उत्पादनात मिसळतात. खाद्यतेल किती आयात करायचं, आयात शुल्क किती ठेवायचं, शेतीचं उत्पन्न यंदा किती वाढलं, या सगळ्या चर्चा त्यांच्या आधारावर होतात.

पाच-सहा गुंठ्यांवरून हजारो एकरांचा अंदाज बांधता येतो, यावर पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो, पण तिथे भात नीट शिजवलेला, खालीवर झालेला असतो. कुठलंही शीत उचललं तरी चालतं. शेत तसं नसतं. बांधाकडेला पीक वेगळं, विहिरीजवळ वेगळं, चिबाड जमिनीत वेगळं. शिवाय हाताला मोह असतो. मालकाचं मन विरळ पिकाकडे ओढतं, कर्मचाऱ्याचे पाय रस्त्यालगतच्या शेताकडे, कंपनीच्या माणसाची नजर डवरलेल्या तुकड्याकडे. यादृच्छिक अंक या तिघांनाही बाजूला सारतो. मग घडतं ते गणित मला अजूनही थक्क करतं: अंदाज किती अचूक आहे हे मुख्यतः प्रयोग किती झाले आणि पीक किती कमी-जास्त आहे यावर ठरतं, प्रदेश केवढा आहे यावर फारसं नाही. पिकातली विविधता सारखीच असेल, तर शंभर प्रयोग एका तालुक्याबद्दल जितक्या खात्रीने बोलतात, जवळपास तितक्याच खात्रीने एका राज्याबद्दलही.

ही दोरी आली कुठून, याची गोष्ट मराठी माणसाला माहीत असायला हवी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९४०मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेत आले. तोवर पिकाचा अंदाज नजरेने व्हायचा: रुपयात किती आणे पीक आलं, ते पाहून आणेवारी. तिचा वारसा पैसेवारीच्या रूपाने आजही आहे. पन्नास पैशांच्या आत गेली की दुष्काळाची दारं उघडतात. पण नजरेचा अंदाज पाहणाऱ्यागणिक बदलतो, आणि युद्धकाळातल्या त्या वर्षांत, बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मरत असताना, देशात धान्य नेमकं किती आहे हे सांगणं जीवनमरणाचा प्रश्न होता.

त्याच काळात कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तागाच्या आणि धानाच्या नमुना पाहण्या सुरू केल्या होत्या. त्यांची माणसं चार फूट त्रिज्येचं छोटं वर्तुळ कापायची. लहान वर्तुळाचा फायदा उघड होता: तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त ठिकाणं पाहून होतात. सुखात्म्यांनी मोठा आयत धरला, ३३ फूट लांब, साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. आणि एकाच शेतात वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून पाहिल्यावर त्यांना दिसलं, की तुकडा जितका लहान, तितकं उत्पादन फुगून येतं. कारण साधं आहे, पण ते शोधायला शेतातच उतरावं लागतं. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस नकळत ते आत घेतो. लहान वर्तुळात चौरस फुटामागे कडेची लांबी सुखात्म्यांच्या आयतापेक्षा जवळजवळ पावणेतीनपट पडते. तेवढी जास्त झाडं संशयात येतात आणि तेवढा फुगवटा वाढतो. १९४६मध्ये त्यांनी हे ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात मांडलं. महालनोबीसांचं म्हणणं होतं की नीट शिकवलेली माणसं असतील तर लहान तुकडाही चालतो. दोघंही आपापल्या जागी मोठे. पण देशभर हजारो गावांत, सामान्य कर्मचाऱ्यांच्या हातून, उन्हातान्हात जे काम व्हायचं होतं, त्यासाठी मोठा आयतच टिकणारा होता असं मला वाटतं. ३३ फूट म्हणजे दहा मीटर, साडेसोळा फूट म्हणजे पाच मीटर. गोरेगावच्या सोयाबीनमध्ये आज ताणली जाते ती दोरी सुखात्म्यांच्याच मापाची आहे, फक्त मेट्रिकमध्ये आलेली. परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रबंध लिहिणारी मुलं ज्या ‘पानसे-सुखात्मे’ पुस्तकाचा आधार देतात, त्यातले सुखात्मे हेच. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर पुण्यात परतले.

या वादाचा एक परिणाम काही वर्षं दिल्लीपर्यंत भोगावा लागला. राष्ट्रीय नमुना पाहणी आपल्या पद्धतीने धान्याचं उत्पादन काढायची, कृषी खातं आपल्या पद्धतीने. एकाच देशाचे, एकाच हंगामाचे दोन सरकारी आकडे निघायचे आणि ते जुळायचे नाहीत. शेवटी पाहणीने पिकांचे आकडे काढणं थांबवलं. एक चांगला आकडा काढणं कठीण आहेच, पण दोन चांगल्या माणसांनी काढलेले आकडे एकमेकांना जुळवून देशाचं एकच चित्र उभं करणं त्याहून कठीण. सरकारी आकडेवारीची राष्ट्रीय व्यवस्था उभारणं म्हणजे मुख्यतः हे सांधे बसवण्याचं काम, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे ते ज्या हिमतीने हाती घेतलं गेलं, ती गोष्ट कुठल्याही धरणाच्या किंवा पोलाद कारखान्याच्या गोष्टीइतकीच मोठी आहे.

ऑगस्ट १९४९मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तिघेच सदस्य: अध्यक्ष महालनोबीस, दुसरे व्ही. के. आर. व्ही. राव आणि तिसरे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. देश वर्षाला एकूण किती कमावतो, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. लगेच कळून चुकलं, की कारखान्यांचे, रेल्वेचे, खजिन्याचे आकडे थोडेफार आहेत, पण खेड्यातला माणूस काय पिकवतो, काय खातो, कशावर खर्च करतो याची माहितीच नाही. त्यातून ऑक्टोबर १९५०मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी निघाली. देशातल्या साडेपाच लाखांवर गावांतून १,८३३ निवडली. काही गावांत कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने बनवलेली प्रश्नावली होती, काहींत पुण्याच्या गोखले संस्थेची. मे १९५१मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना उभी राहिली. वेगवेगळ्या खात्यांनी आपापल्या परीने गोळा केलेले आकडे जुळवणं हे तिचं काम.

त्या पहिल्या फेरीतले पाहणीदार मराठवाड्यात आले तेव्हा त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलं असेल, याचा विचार करा. निजामाचं राज्य जाऊन दोनच वर्षं झालेली. बाजारात हैदराबादचा हाली सिक्का आणि हिंदुस्थानचा कलदार, दोन्ही चालत. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. जुन्या कागदांत साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं. दप्तर उर्दूत, कुठे मोडीत. धान्य पायली आणि अधोलीने मोजलेलं, आणि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीइतकी असेलच असं नाही. ‘घरात ज्वारी किती लागते?’ एवढा साधा प्रश्न, पण उत्तरातली पायली शेरात, शेर मणात आणि हाली कलदारात बदलल्याशिवाय ते घर बिहारमधल्या घराशेजारी मांडताच येत नव्हतं. पुढे १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, १९५८पासून किलो आणि मीटर येऊ लागले. शाळेत आपण हे बाजाराची सोय म्हणून शिकलो. मोजणाऱ्यांसाठी मात्र तो राष्ट्रीय व्यवस्थेतला पहिला मोठा सांधा होता.

मराठवाड्यात जुने कागद किती दिवस जगतात हे वेगळं सांगायला नको. जमिनीच्या वादात आजही १९५४चा खासरा मागितला जातो. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती २०२३मध्ये नेमली गेली, तिने उर्दू आणि मोडीतली दप्तरं उलटीपालटी केली. २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला. शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने दरबारासाठी केलेली मोजदाद आज लाखो घरांच्या भवितव्यात बोलते. म्हणून आजचा तक्ता भरतानाही हात जपून चालायला हवा.

दुसरा सांधा नाव-पत्त्याचा, आणि तो गोरेगावइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. गोरेगाव म्हटलं की राज्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईची लोकल येते. गोंदिया जिल्ह्यात गोरेगाव तालुक्याचं ठिकाण आहे. रायगडात माणगाव तालुक्यात गोरेगाव आहे. आणि आपलं हे सेनगाव तालुक्यातलं. मुंबईत बसलेल्या यंत्राने यातलं कुठलं गोरेगाव कुठल्या ओळीत घालायचं? उत्तर आहे कोड. २०११च्या जनगणनेत देशातल्या ६४० जिल्ह्यांना सलग क्रमांक दिले गेले: गोंदिया ५०७, हिंगोली ५१२, मुंबई उपनगर ५१८, रायगड ५२०. जिल्ह्याखाली तालुक्याचा कोड, त्याखाली गावाचा सहा अंकी कोड. पंचायतराज मंत्रालयाची स्थानिक संस्थांची वेगळी निर्देशिका आहे, तिचे कोड वेगळे. म्हणून दोन्ही कोडांची जोडपट्टी सांभाळावी लागते. शाळेची माहिती एका कोडवर, रेशनची दुसऱ्यावर आणि लसीकरणाची नुसत्या नावावर असेल, तर ‘या गावातली किती मुलं शाळेतही जातात आणि लसही घेतात’ हा प्रश्न विचारताच येत नाही, मग प्रत्येक खात्याने आपलं काम कितीही चोख केलेलं असो.

आणि गाव जागेवरून हललं नाही तरी त्याचा पत्ता हलतो. १९५१च्या जनगणनेत गोरेगाव हैदराबाद राज्याच्या खंडात आहे. १९६१पासून १९९१पर्यंत महाराष्ट्राच्या परभणी जिल्ह्यात. १ मे १९९९ला हिंगोली जिल्हा झाला, म्हणून २००१पासून हिंगोलीच्या पुस्तिकेत. २००१मध्ये हिंगोलीचा क्रमांक राज्यात सोळावा होता, २०११मध्ये देशात ५१२वा. हे दुवे कुणीतरी बसून जुळवले, म्हणूनच आपण म्हणू शकतो की २००१ला या जिल्ह्यात ९,८७,१६० माणसं होती आणि २०११ला ११,७७,३४५. आणि १९९१शी तुलना करायची तर परभणीच्या त्या वेळच्या आकड्यांतून आजच्या हिंगोलीची गावं एकेक करून वेगळी काढावी लागतात. जनगणनेपूर्वी सीमा गोठवतात त्या याचसाठी.

मराठवाड्याला या जुळवाजुळवीची किंमत एका शब्दात कळते: अनुशेष. १९८३मध्ये राज्याने गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सिंचन, रस्ते, विजेचे पंप, शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे समितीने जिल्हा हे एकक धरून मोजलं आणि १९८४मध्ये सांगितलं की एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा आहे. ‘आमच्यावर अन्याय होतो’ हे तोवर भाषणातलं वाक्य होतं. त्यानंतर त्याच्यापुढे रकमा आल्या, आणि त्यावर विधिमंडळात निधी मागता आला. ही रक्कम निघू शकली, कारण सगळ्या जिल्ह्यांत सिंचनाची, रस्त्याची, शाळेची व्याख्या एकच धरलेली होती.

व्याख्येचा हा सांधा वरवर सोपा दिसतो. गोरेगावात कुटुंबं किती? ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत एक आकडा, रेशन दुकानात दुसरा, आशाताईंच्या रजिस्टरमध्ये तिसरा. कुणीच खोटं बोलत नाही. एका वाड्यात तीन भावांची तीन रेशनकार्डं असू शकतात, घरपट्टी एकाच नावावर, आणि आशाताई गरोदर बाई जिथे राहते ते घर धरणार. जनगणना आणि नमुना पाहणी इथे चुलीवर येऊन थांबतात: जे एकत्र राहतात आणि एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. मला ही व्याख्या फार आवडते. भावाभावांत वाटणी झाली की नाही हे कागदाआधी चुलीला कळतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. देशाच्या सांख्यिकीनेही तेच मान्य केलं.

पण चूलच गावाबाहेर गेली तर? सेनगाव, कळमनुरी भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. २०११ची जनगणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत, ऐन गाळप हंगामात. नियम असा, की गणनेचा सगळा काळ घराबाहेर असलेला माणूस जिथे असेल तिथे मोजायचा. म्हणजे गावातल्या कुलूपबंद घरातली माणसं कोल्हापूर-सांगलीच्या फडातल्या पालात मोजली गेली. नियम चुकीचा नाही. एक माणूस एकदाच मोजला जावा म्हणून तो आहे. पण त्या टोळीबरोबर गेलेल्या मुलांसाठी वर्गखोली कुठे हवी, गावात की फडाजवळ, याचं उत्तर एका मोजणीतून मिळत नाही. त्यासाठी जनगणना, शाळेची पटनोंदणी आणि स्थलांतराची पाहणी अशा तिन्ही गोष्टी एकमेकींशी बोलाव्या लागतात.

भारतात हे बोलणं घडवून आणणं विशेष अवघड, कारण मोजणारे हात अनेक आहेत. जनगणना केंद्रीय गृह खात्याची. पिकं कृषी खात्याची. घाऊक किमती वाणिज्य व उद्योग खात्याकडे, औद्योगिक कामगारांच्या महागाईचा निर्देशांक लेबर ब्युरोकडे. कुटुंब आरोग्य पाहणी आरोग्य मंत्रालयाची, पण ती राबवते मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी आर्थिक पाहणी काढतं, आणि हिंगोलीचं जिल्हा सांख्यिकी कार्यालय जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन. आणि या सगळ्याच्या मुळाशी तलाठ्याच्या दप्तरातले गाव नमुने: बारा नंबरचा पिकांचा, अकरावा त्याच्या गोषवाऱ्याचा, तेरावा लोकसंख्या आणि जनावरांचा, चौदावा पाण्याच्या साधनांचा. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची पहिली नोंद शेतकरी स्वतःच्या फोनवरून करू लागला, बांधावर उभं राहून, फोटोसकट. देशाच्या सांख्यिकीत एवढ्या मोठ्या संख्येने सामान्य माणूस आधी कधी नोंद करणारा नव्हता. नेटवर्क नसलेल्या शिवारात तो जी धावपळ करतो, ती याच कामाचा भाग आहे.

इतके हात म्हणजे चुकाही आल्या. म्हणून एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासायची रीत महालनोबीसांनी सुरुवातीलाच घातली. नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग करायचे, दोन वेगळ्या पथकांना द्यायचे, आणि दोघांचे निष्कर्ष शेजारी ठेवायचे. दोन आकड्यांतलं अंतर हेच चुकीच्या शक्यतेचं माप. आजही राष्ट्रीय नमुना पाहणीत काही गावं केंद्राचे कर्मचारी करतात आणि काही राज्याच्या संचालनालयाचे, प्रश्नावली एकच. पिकांच्या नोंदी आणि कापणी प्रयोगही अशाच स्वतंत्र नमुन्याने तपासले जातात. स्वतःवर संशय घेण्याची सोय पद्धतीतच बसवलेली असणं, हे मला या व्यवस्थेचं सर्वांत देखणं अंग वाटतं.

सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली २०००मध्ये नेमलेल्या आयोगाने ही सगळी यंत्रणा तपासली आणि २००१मध्ये सांगितलं, की आकडेवारीवर देखरेख करणारा कायमचा, तज्ज्ञांचा आयोग हवा. राष्ट्रीय सांख्यिकी आयोग २००६मध्ये कामाला लागला. जानेवारी २०१९मध्ये रोजगाराच्या पाहणीचा अहवाल रोखून धरल्याच्या मुद्द्यावर त्याच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले; अहवाल त्या वर्षी ३१ मेला प्रसिद्ध झाला. समन्वय हवा याचा अर्थ आकडा कधी बाहेर येणार हे एकाच हाताने ठरवावं असा नाही. सरकारी सांख्यिकीच्या मूलभूत तत्त्वांवर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्यांतलं पहिलंच तत्त्व निःपक्षपाताचं आहे आणि आकडे नागरिकांच्या माहितीच्या हक्कासाठी आहेत असं ते बजावतं.

तो हक्क गोरेगावात किती निकडीचा आहे हे नोव्हेंबर २०२३मध्ये राज्याने वाचलं. कर्ज फिटत नाही म्हणून इथल्या काही शेतकऱ्यांनी आपले अवयव विक्रीला काढत असल्याचं पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिलं. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीने सांगितलं होतं, की देशातल्या शेतकरी कुटुंबावर सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज आहे आणि त्याचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये. देशासाठी हे आकडे भक्कम आहेत. पण हिंगोलीत काय? तेवढ्या नमुन्याला ते सांगता येत नव्हतं. जिल्ह्यात निवडलेली घरं मूठभर असतील, तर कितीही शास्त्रशुद्ध निवडली तरी त्यांच्यावरून जिल्ह्याबद्दल बोलता येत नाही. अचूकता प्रयोगांच्या संख्येवर ठरते, ही वर सांगितलेली गोष्ट इथे उलट बाजूने अंगावर येते.

म्हणून जानेवारी २०२५पासून झालेला एक बदल मला फार मोलाचा वाटतो, जरी त्याची बातमी आतल्या पानावरही क्वचितच आली. राष्ट्रीय नमुना पाहण्यांची रचना आता जिल्हा हा मूळ स्तर धरून केली जाते. प्रत्येक जिल्ह्यातून नमुना येणारच, आणि राज्याने आपली गावं त्यात मिळवली तर जिल्ह्याचे अंदाज काढता येतील. रोजगाराची पाहणी त्याच वेळी मासिक झाली. एप्रिल २०२५चे आकडे मे महिन्यात आले. दांडेकरांनी जिल्हा एकक धरून जे एकदा केलं, ते दरवर्षी करण्याची वाट यातून उघडू शकते, राज्याने मनुष्यबळ दिलं तर.

पण या सगळ्या पाहण्यांसाठी गावांची आणि घरांची ताजी यादी लागते, आणि ती यादी जनगणना देते. २०२१ची जनगणना झाली नाही. धान्याचा कोटा, निधीची वाटणी, पाहणीच्या गावांची निवड, सगळं २०११वर चालत आलं. आता १ मार्च २०२७ हा नवा संदर्भ दिवस ठरला आहे; प्रगणकाच्या हातात कागदाऐवजी मोबाइल असेल आणि जातीचीही नोंद होईल. माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच आहे, म्हणजे टोळ्या पुन्हा फडात असतील. प्रगणक पालापर्यंत आला, तर मुकादमाने सगळ्यांच्या वतीने भराभर उत्तरं देण्यापेक्षा प्रत्येक कोयत्याने, म्हणजे ऊसतोड जोडप्याने, आपापलं सांगावं: जन्म कुठला, आधी राहत होतो तो जिल्हा हिंगोली, तालुका सेनगाव, घर सोडून किती महिने झाले, बरोबर मुलं किती आणि त्यांतली शाळेत किती.